दहा मिनिटं

नाही आजी, कोट नाही काढत, फार वेळ घेणार नाही मी — आजी म्हटलं तर चालेल ना? गावातली सगळी पोरं तुम्हाला आजीच म्हणतात — तुमचं मणीकाम चालू द्या, मी बोलते. ही तंबाखू. तुमच्यात वडीलधाऱ्यांकडे काही मागायच्या आधी पुढे ठेवायची, लाल कापडात बांधून, असं कॉलेजात शिकवलंय आम्हाला, तिकडे सस्कॅटून शहरात. दुकानदारानं वयाचा पुरावा मागितला — बावीस वर्षांची आहे मी, पण दिसत नाही म्हणे. असो. इथे ठेवते. उचललीच पाहिजे असं नाही.

शेलीन चार दिवस शाळेत आली नाही, म्हणून आले. ताप वगैरे आहे का नातीला? — नाही ना. वाटलंच मला. तिनं तुम्हाला सांगितलं असेलच — नाही सांगितलं? काहीच? — मग मलाच सांगावं लागेल.

मी अजून शिक्षिका नाही, शिकाऊ आहे. वर्ग फ्रीझनबाईंचा, सहावीचा, सहा आठवडे माझ्याकडे दिलाय. सोमवारी मी त्या शाळांवरचा धडा घेतला — तुमच्या क्री लोकांच्या मुलांना सरकारी माणसं घरातून उचलून जिथं नेऊन ठेवायची, त्या. आता तुम्हाला काय सांगायचं त्यांच्याबद्दल, तुम्ही तर स्वतः — हं. तर मला वाटलं, नुसतं वाचून दाखवून काय कळणार मुलांना? म्हणून म्हटलं, समजा, तुमच्या दारात गाडी आलीय, दहा मिनिटांत निघायचंय, एकच वस्तू नेता येईल — काय न्याल, लिहा. पोरं खूश. एकानं गेम लिहिला, एकानं कुत्रा लिहिला, मग कुत्रा ही वस्तू आहे का यावर दोघांचं भांडण — मीही हसले, आजी. वर्ग जमला असं वाटलं. शेलीनचा कागद कोरा होता. तरी मी तिला उभं केलं. ती म्हणाली, "दहा मिनिटं देत नाहीत, मिस."

एवढंच. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "फार छान, शेलीन." फार छान. कुणी पाढा बरोबर म्हटल्यासारखं.

पाच वर्षांची असताना सरकारी माणसं तिला घेऊन गेली, तीन वर्षं परक्या घरी होती, हे मला कसं माहीत असणार — असं फ्रीझनबाईंना म्हटलं मी. त्या म्हणाल्या, तुझी काय चूक, पोरी. पण प्रत्येक मुलाची फाइल असते ना, पहिल्याच दिवशी वाचायला देतात. मी वाचली होती. सगळी. — हो, आधीच. म्हणूनच तर तिला उभं केलं. ती बोलली तर बाकीच्यांना खरं काय ते कळेल, असं — वीस जणांना कळावं म्हणून मी एकीला — आणि पुढच्या शुक्रवारी कॉलेजातून माझा धडा बघायला येणार आहेत, तेव्हा ती वर्गात असली तर — नाही, ते कारण नाही. म्हणजे, तेही आहे. थोडं.

माफी मागायची आहे मला तिची. बोलावता का? — आजोबांबरोबर माशांची जाळी काढायला गेलीय? थांबते मग. — काय? तिच्या त्या वाक्याचं पुढे काय केलं? — फळ्यावर लिहिलं. मोठ्या अक्षरात. खाली तिचं नाव. — हो, तिच्यासमोरच. — हो, अजून आहे. सफाईवाले रोज फळा पुसतात, पण — बाजूला चौकट करून 'पुसू नये' असं लिहिलंय. मीच. शुक्रवारसाठी.

आजी, तुमचे मणी सांडले — मी गोळा करते, तुम्ही कुठे निघालात? शाळेत? मी पुसते ना, आत्ता जाऊन पुसते. शाळा पाचपर्यंत उघडी असते. बाहेर निसरडं आहे, तुम्ही कशाला — निदान बरोबर तरी येऊ दे मला —

बरं. नाही येत.