एक्केचाळीस डागाळलेल्या काचा

आदरणीय अध्यक्षमहोदय, संचालकसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे सर, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सरांनी कधी कुणाला पाच मिनिटांत सोडलंय का? तरी प्रयत्न करते.

सरांनी तीस वर्षं सूर्यप्रकाशावर काम केलं. कुठे बसून? खिडकीला जाड पडदा लावून! का, तर स्क्रीनवर ऊन येतं. म्हणून आम्ही त्यांना पडदेवाले सर म्हणतो. सर, माहीत होतं ना? नव्हतं? बरं, जाऊ द्या. सौरघटात ऊन शोषणारा केसाहून पातळ थर असतो. त्यात कोणता धातू किती मिसळायचा, हे सर कॉम्प्युटरवर मांडून सांगायचे आणि आम्ही भट्टीवाले तो थर काचेवर चढवायचो. सरांचा हात कशालाच लागायचा नाही. काकू सांगतात, घरचा बल्ब बदलायलाही माणूस बोलवावा लागतो.

तर माझ्या पीएचडीच्या वेळी सरांचा पेपर आला. निम्म्या तांब्याच्या जागी चांदी घाला, छान एकजीव होईल. मी घातली. थरावर डाग. पुन्हा केला, पुन्हा डाग. अशा एक्केचाळीस काचा झाल्या. माझे मार्गदर्शक म्हणाले, "गणित चोख आहे, तुझ्या हातालाच वळण नाही." शिष्यवृत्ती संपत आली होती. आईला फोनवर सांगून टाकलं, मी सोडतेय. नाव काढून घ्यायचा अर्ज ॲप्रनच्या खिशात तयार होता.

माझ्या डागांचं कानावर गेलं, म्हणून एका मंगळवारी सर पहिल्यांदाच भट्टीच्या खोलीत आले. आत येताना बूट काढायचे की नाही, इथूनच गोंधळ! मग एकेक काच उजेडात धरून त्यांनी विचारलं, "डाग दर वेळी असेच दोन रंगांचे?"

"हो, सर."

"दहा दिवस थांबशील?"

थांबले. नवव्या दिवशी सर आले ते थेट आमच्या साप्ताहिक बैठकीत. म्हणाले, "कॉम्प्युटरवर मी सोळाच अणूंची चौकट घेतली आणि चांदी-तांबं शाळेतल्या पोरांसारखं रांगेत उभं केलं. रांगेत काय, सगळेच शहाणे दिसतात! मोठी चौकट घेऊन विस्कटून मांडलं, तर दोन्ही आपापले गट करून बसतात, तेच हे दोन रंगांचे डाग. पोरीचा हात चांगला आहे. चूक माझी."

पेपर त्यांनी मागे घेतला. त्याच वर्षी त्यांची बढती होती, ती हुकली. माझ्या डागांचा मात्र प्रबंध झाला.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. थट्टेत कुठे तोल गेला असेल, तर थोरामोठ्यांनी सांभाळून घ्यावं. आणि सर, त्या दिवशी मी तुमचे आभार मानले नाहीत. रडू येत होतं, म्हणून वही उघडून खाली बघत बसले. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, म्हणून आज मीही सगळ्यांसमोरच म्हणते. सर, तुमच्यामुळे मी इथे आहे.