सावलीतला बर्फ

(ओमानमधल्या जबल शम्स या उंच डोंगरावरची पायवाट, फेब्रुवारी संपता संपता. आदल्या रात्री बर्फ पडून गेलाय. गुडघा कुरकुरतो म्हणून चंद्रहास एका दगडावर थांबलेत. दहा वर्षांची नात अंतरा त्यांच्याजवळ आहे. तिचा बाबा निशांत पुढच्या वळणापलीकडे गेलाय.)

अंतरा : बाबा अर्ध्या तासात येतो बोलला होता. आता एक तास ट्वेंटी मिनिट्स झाले.

चंद्रहास : फोटो काढत असेल. मस्कतच्या माणसाला बर्फ दिसला की घड्याळ कुठलं दिसतंय! तू बस बघू खाली.

अंतरा : मला नाही बसायचं. फोन लावा ना परत.

चंद्रहास : रेंजच नाही गं इथे. तीनदा लावून झाला. पण तू सारखी त्या सावलीतल्या वाटेकडे का बघतेस?

अंतरा : असंच.

चंद्रहास : अंतरा...

अंतरा : तुम्ही रागावणार.

चंद्रहास : छत्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं. त्यांनी परीक्षानळ्या फोडल्या, वर्गात धूर केला. नाही रागावलो. सांग.

अंतरा : जाताना बाबा तिथे स्लिप झाला ना? मग तुम्ही डोळे मिटून बसलात, तेव्हा मी थर्मासमधला चहा तिथे ओतला. सगळा. बर्फ मेल्ट व्हायला. आई फ्रीजर डीफ्रॉस्ट करताना गरम पाणी ठेवते, तसं.

चंद्रहास : वितळला?

अंतरा : हो, पटकन! पण आता तिथे काच झालीये. ब्राउन काच. मी बुटाने टच केलं तर पाय सरकला.

चंद्रहास : हं. आई फ्रीजर आधी बंद करते की नाही?

अंतरा : ...करते.

चंद्रहास : हा डोंगर चालूच आहे, बाळा. भुसभुशीत बर्फात पाय रुततो तरी. तुझ्या चहाने तो सपाट केला, आणि खालच्या गार दगडाने पुन्हा गोठवला.

अंतरा : आणि बाजूला दरी आहे! बाबा लेट झालाय, तो धावत येणार. आजोबा, माझ्यामुळे तो—

चंद्रहास : रडणं नंतर. आधी सांग, गुळगुळीत फरशीवर पाय का सरकतो?

अंतरा : फ्रिक्शन नसतं म्हणून.

चंद्रहास : मग ते कुठून आणायचं?

अंतरा : ...खडी! ही बघा, किती आहे! आणि काकडीचं मीठ पण आहे!

चंद्रहास : मीठ चिमूटभर, त्याला वेळ लागेल. टाक तरी. आणि काकडीचा डबा रिकामा कर, त्यात खडी भर. काचेवर पाऊल नाही टाकायचं, अलीकडूनच फेकायची. मी तुझी बॅग मागून धरतो.

अंतरा : तुमचा गुडघा?

चंद्रहास : तो उद्या दुखेल. फेक.

अंतरा : पलीकडे पोचत नाहीये!

चंद्रहास : हात खालून ने. अस्सं. आणखी एक डबा.

निशांत : (दुरून) अण्णाऽ! अंतराऽ! आलोच!

अंतरा : बाबा, थांब! धावू नको!

निशांत : काय झालं? अण्णा बरे आहेत ना?

चंद्रहास : मी ठणठणीत आहे. तू डोंगराकडे तोंड कर, कपार धर आणि खडीवरच पाय दे. सावकाश.

निशांत : अहो, मघाशी तर इथूनच गेलो मी.

चंद्रहास : मघाची वाट वेगळी होती. ऐक माझं.

अंतरा : ब्राउन जागेवर नको, बाबा! लेफ्ट. अजून लेफ्ट.

निशांत : अरे, अरे—

अंतरा : बाबा!

निशांत : नाही, नाही. अडला पाय. खडीने अडला. हां... आलो. खलास! अगं, सोड, गुदमरतोय मी. आणि हे हात कशाने खरचटले?

चंद्रहास : खडी तिने टाकलीये.

निशांत : एवढी? शाबास गं! माझी तर बोटंच गोठलीत. जरा चहा दे बघू.

अंतरा : बाबा... चहा तिथे आहे. खडीच्या खाली.