मजीदचाचांचा आसमानी आकडा

सन्माननीय अध्यक्ष आप्पासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, क्रांती चौकातले समस्त मिस्त्री आणि ड्रायव्हर मंडळी, माता-भगिनींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे मजीदचाचा,

मी चतुरा. कैलासवासी रामकिसन मिस्त्रींची मुलगी. शाळेत शिकवते, रोज बोलते, पण आज आवाज साथ देईल याचा भरवसा नाही.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवस आठवा. शेजारी शेजाऱ्याकडं बघताना बिचकायचा. अशा वेळी रामकिसन आणि मजीद यांनी भागीत गॅरेज काढावं? लोकांनी वेड्यात काढलं. यांनी काढलं गॅरेज.

जड गिअरबॉक्स उचलायचा असला की चाचा ओरडायचे, "रामकिसन, आसमानी आकडा लगा!" वडील गंभीर चेहऱ्यानं हात वर करून आभाळाला नसलेला आकडा अडकवायचे. "लगा क्या?" "लागला!" मग दोघं खांदा द्यायचे. सिल्लोडचे कापसाचे व्यापारी कारभारीशेठ तर खरंच विचारायला आले, "लई भारी आकडा हाय म्हनं तुमच्यापाशी. गाठी उचलायला आमाला बी एक द्या की!" वडील म्हणाले, "आकडा देतो शेठ, पन आभाळ तुमचं तुमाला आनावं लागंल."

हसा, मंडळी. ते दोघंही असेच हसायचे.

एके दुपारी ट्रकचं इंजिन चेनपुलीला टांगलेलं होतं. वडील खाली वाकले, आणि साखळी तुटून इंजिन त्यांच्यावर आलं. चाचांनी धावत जाऊन इंजिनाखाली खांदा घातला. खालून वडिलांचा आवाज आला, "मजीद, आकडा लाव रे..."

"लगाया भाई, लगाया. उठ रहा है. आँखें मत बंद कर!"

इंजिन उठलं. लोकांनी वडिलांना ओढून काढलं. पण दवाखाना यायच्या आतच ते गेले. चाचांचा तो खांदा कायमचा निकामी झाला. हात छातीच्या वर जात नाही.

तशा मोडक्या खांद्यानं ते आमच्या दारी आले. माझ्या आईनं, सरूबाईनं, एवढंच विचारलं, "तुमी कसे वाचले?" आणि दार लावून घेतलं.

त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, सांगा बरं? चाचा आल्या पावली परतले. पुन्हा उंबऱ्याशी आले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी मी दिसले, की विचारायचे, "माँ कैसी है, बेटा?"

आता एका हातानं काम होईना, म्हणून ते सिल्लोडला लेकीकडं, अमिनाकडं चाललेत.

आज सकाळी मी आईच्या विनवण्या केल्या. म्हटलं, चल, राग सोड. ती न्हाऊन, बरं लुगडं नेसून बसली होती. म्हणाली, "राग कवाच गेला, बाई. चुकलं माझं, सांग त्यान्ला. पन मजीदभाऊ दिसले, की त्यांच्या बाजूची रिकामी जागा बी दिसती. ती नाय बघवत मला."

चाचा, निरोप पोचवला.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे उपकार आहेत. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, सभेच्या रीतीला सोडून काही बोलले असेन, तर पोरीला पदरात घ्या. मला आता बसू द्या.