ऐकून घेणारा माणूस

दिपमाला : ही नोटीस मनात नका वाचू. मोठ्याने वाचा. खाली सही कोणाची आहे?

लोटन : नगराध्यक्ष.

दिपमाला : म्हणजे कोण?

लोटन : अगं, ती पदाची सही असते. व्यक्तीची नसते.

दिपमाला : मग त्या पदाला विचारा, उत्तरेकडची अकरा दुकानं पाडायची म्हणून सही केली, तेव्हा त्यात चौथं नाव कोणाचं ते दिसलं नाही का? ‘लोटन पितांबर महाजन यांची पिठाची गिरणी.’ सकाळी तुमचीच माणसं आली आणि आपल्याच शटरवर कागद चिकटवून गेली. वर मला नमस्कार करून गेली, वहिनी म्हणून!

लोटन : विषय क्रमांक नऊ होता तो. मुख्याधिकारी वाचत होते. वर पंखा, खिडकीत कूलर, बाहेर जनरेटर. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

दिपमाला : आणि तुम्ही मान हलवली.

लोटन : हलली गं ती. बावीस वर्षांची सवय आहे. इथे चक्की चालू असायची, समोर बाई उभी, तिचं तोंड हलतंय. ती काय सांगतेय ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मान हलवली की ती खूश, डबा उचलून घरी.

दिपमाला : कान गेले त्यात.

लोटन : हळू बोल!

दिपमाला : हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येतं का?

लोटन : कोणी ऐकेल.

दिपमाला : जळगावच्या डॉक्टरांनी मशीन दिलं, ते फराळाच्या डब्यात पडून आहे.

लोटन : नगराध्यक्षाच्या कानात मशीन? चौकातल्या बॅनरवर काय छापलंय माझ्या?

दिपमाला : ‘ऐकून घेणारा माणूस.’ आणि कानामागे हात धरलेला तुमचा फोटो.

लोटन : तो फोटोवाला हात खाली घ्या म्हणत होता. मला ऐकू येईना म्हणून हात कानाशी नेला. पक्षाच्या लोकांनी नेमका तोच फोटो उचलला. त्यावर पहिल्यांदा नगरसेवक झालो आणि आता अध्यक्ष. दोन्ही गट समजतात मी त्यांच्या बाजूचा. का? तर दोघांपुढे मान हलवतो म्हणून.

दिपमाला : ते राजकारण तुमचं तुम्हाला लखलाभ. मला गिरणीचं सांगा. तुम्ही निवडून आल्यापासून ती मी चालवते. पट्टा मी चढवते, दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी मी लावून घेते. नव्या घरात मी कोण? अध्यक्षांची बायको, पाहुण्यांना चहा देणारी. इथे मला माझ्या नावाने हाक मारतात. ही गेली तर मला खरंच रडू येईल, सांगून ठेवते.

लोटन : दुसरी जागा बघू.

दिपमाला : बायका इतक्या लांब डोक्यावर डबे घेऊन येणार आहेत का? उद्या सभा आहे ना? मागच्या सभेचं इतिवृत्त कायम व्हायच्या आत उभे राहा आणि सांगा, मला ऐकू आलं नव्हतं, विषय पुन्हा घ्या.

लोटन : वेडी आहेस का? आज ऐकू आलं नाही म्हटलं की लोक विचारतील, मग काल काय ऐकलंस? बावीस वर्षं या बायकांनी मला काय काय सांगितलं असेल! त्यांना कळलं, की यातलं अक्षरही माझ्यापर्यंत पोचलं नाही, तर? गिरणी जाऊ दे. माणूस म्हणून माझं काय उरेल?

भिकुबाई : दिपा, उनू वं मी. दयन लई उनू.

दिपमाला : या, भिकुअक्का. आज कळण्याच्या भाकरीचं दळण वाटतं. ज्वारीत उडीद कमी टाकलाय.

भिकुबाई : घरम्हा व्हता तितला टाका. अरे, लोटनबी आठेच शे! माले सांग रे भाऊ, हाऊ कागद कसाना शे?

लोटन : विकासाचा आहे, अक्का. रस्ता रुंद होणार.

भिकुबाई : नि गिरणी?

दिपमाला : जाणार.

भिकुबाई : मंग मी मन्हा दुखना गोठी कोनले सांगू?

लोटन : मला सांगा ना! कार्यालयात या. खुर्ची आहे, चहा आहे. निवांत बसून बोलू.

भिकुबाई : तठे नही जमाव. तठे भलतं शांत ऱ्हास.

लोटन : म्हणजे काय, अक्का?

दिपमाला : बाजूला व्हा. दळण टाकते.

(गिरणी सुरू होते. पुढचं बोलणं त्या घरघरीत, दोघींचं एकमेकींच्या कानाशी; लोटन नुसता त्यांच्या तोंडांकडे पाहतो.)

भिकुबाई : दिपा, मन्हा सुकदेव सुरतले गया, त्याले सात वरीस व्हयनात. एक फोन नही. गावले मी सांगस, दर आठ दिनले फोन करस म्हनी. खरं फक्त आठेच सांगं, याना म्होरे.

लोटन : हो अक्का. बरोबर आहे.

दिपमाला : यांनाच का पण?

भिकुबाई : याले आयकू येस नही ना, म्हनीसन.

लोटन : अगदी खरंय.

दिपमाला : तुम्हाला माहीत होतं, अक्का? सगळ्या बायकांना?

भिकुबाई : बठ्ठा बायास्ले मालूम शे! सासूना, नवराना, ज्या गोठी देवम्होरे बोलता येत नहीत, त्या आठे बोलेल शेतस. ज्याले आयकू येस तो गावभर करस. हाऊ बिचारा नुसती मान हलावस. मन हलकं व्हई जास. म्हनीसन तर बठ्ठास्नी याले मत दिधं.

लोटन : करतो, अक्का. तुमच्यासाठी नक्की काहीतरी करतो.

भिकुबाई : देख, हलाई ना मान?

दिपमाला : झालं दळण. बंद करते. डबा गरम आहे, पदर धरा हाताला.

भिकुबाई : जास वं मी. लोटन, सुखी ऱ्हा रे भाऊ.

लोटन : पाहिलंस? चेहरा कसा उजळला म्हातारीचा! अशा माणसांपुढे उद्या उभं राहून सांगू, की मी तुमचं कधी ऐकलंच नाही? नाही जमणार मला. अगं, तू का रडतेस? गिरणीसाठी?

दिपमाला : पीठ गेलं डोळ्यात.

लोटन : काय सांगत होती एवढं?

दिपमाला : कळणा जरा भरड ठेव म्हणाली. दात राहिले नाहीत, बारीक पीठ टाळूला चिकटतं.

लोटन : बस, एवढंच?

दिपमाला : एवढंच. आता माझं ऐका. इकडे बघा, माझ्या तोंडाकडे. उद्या सभेत जाल ते कानात मशीन घालून जा. उभे राहा आणि खरं ते सांगून टाका.

लोटन : आणि लोक काय म्हणतील?

दिपमाला : काही नाही म्हणणार. मान हलवतील.