ऑपरेशनच्या दारापुढचं टक्कल

(रुग्णालयाच्या बागेतली अवजारांची खोली. दुपारचे चार वाजून गेलेत.)

बायको : आणि आता विसरलो म्हणू नका. चार दिवस तो कागद तुमच्या वरच्या खिशात आहे. शर्ट बदलता तेव्हा कागदही या खिशातून त्या खिशात जातो. बघते ना मी.

माळी : घाई कसली एवढी? नवी इमारत पळून चालली आहे का?

बायको : आज अर्जाची शेवटची तारीख आहे. पाचला ऑफिस बंद होतं. 'ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांचा शेरा व सही.' एवढीच ओळ कोरी राहिली आहे, बाकी सगळं भरलंय मी.

माळी : भरणारच. हेडमाळी होणार आता बाईसाहेब! नव्या इमारतीपुढचं अख्खं मैदान ताब्यात. आम्ही सलाम कुठून ठोकायचा, दारातून की फाटकातून, तेवढं सांगून ठेवा.

बायको : त्या कात्रीला तेल लावताय की तिचा गळा दाबताय? ठेवा ती खाली.

माळी : सहा वर्षांपूर्वी तुला इथे आणलं कोणी?

बायको : तुम्ही.

माळी : माझी कंबर धरली, झारी उचलायला माणूस हवं होतं, म्हणून. साहेबांच्या मागे लागून लागून रोजंदारीवर घ्यायला लावलं. खुरपं कसं धरायचं ते कोणी शिकवलं?

बायको : तुम्हीच. मी कुठे नाही म्हणतेय? हवं तर तेही लिहा त्या ओळीत. पण लिहा.

माळी : ती हेडमाळीची जागा मला मिळणार हे सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं. वॉचमनला, कँटीनवाल्याला, कपडे धुणाऱ्यांना…

बायको : तुम्हीच सांगत सुटला होता सगळ्यांना.

माळी : मग? एकोणीस वर्षं झाली इथे! मोठे डॉक्टर माझ्या हिरवळीवरून हजारदा गेले असतील. कधी मान खाली घालून बघितलं? आणि तुझ्या त्या चार हातांच्या तुकड्यापाशी माणूस चक्क उकिडवा बसला! बूट-बीट घालून! गवतावरून तळहात फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. 'हे कोणी केलं?' म्हणे.

बायको : तुम्ही शेजारीच उभे होता. तुम्ही का नाही सांगितलंत?

माळी : घसा बसला होता.

बायको : हं. म्हणून ऑपरेशनच्या सिस्टरना सांगावं लागलं.

माळी : ती दारापुढची जागा तुला दिली मीच, हे विसरू नकोस.

बायको : दिलीत, तिथे काही उगवणार नाही म्हणून दिलीत. 'फार हौस आहे ना? मग ते ऑपरेशनच्या दारापुढचं टक्कल घे.' आणि हसलात. मला ते हसणं चांगलं आठवतंय.

माळी : मी पाच वेळा बी टाकलं होतं तिथे. पाच वेळा!

बायको : टाकलं होतंत. उभ्याउभ्या, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं. खाली माती फरशीसारखी टणक. बी बिचारं रुजणार कुठे?

माळी : आणि तू काय मोठी जादू केलीस?

बायको : जादू कसली! दाताळ्यानं मेलेलं गवत ओढून काढलं. दोन-दोन बोटं माती मोकळी केली. चाळलेलं खत मिसळलं, बी पेरलं, फळीनं दाबलं, वर गोणपाट टाकलं. कोंब दिसले तसं गोणपाट काढलं. सकाळ-संध्याकाळ झारी. बस.

माळी : शिकव, शिकव आम्हाला.

बायको : विचारलंत म्हणून सांगितलं.

माळी : आणि 'गवतावर चालू नये' ही पाटी तिथे कोणी लावली होती?

बायको : अहो, ज्याचं माणूस आत टेबलावर आहे तो पाटी वाचतो होय? बसायचा बाक तिकडे कोपऱ्यात. तिथून दार दिसत नाही. मग तो जीव दारापुढे येरझाऱ्या घालणार नाही तर काय करणार? मी वॉचमनला हाताशी धरून बाक इकडे फरशीवर आणला, दारासमोर. माणसं बसायला लागली. मग मातीला हात घातला.

माळी : ही काय बागेतली अक्कल झाली?

बायको : मग कशातली झाली?

माळी : फर्निचरवाल्याची.

सिस्टर : माळीदादा! आहात का आत?

माळी : या सिस्टर. ऑपरेशन सोडून इकडे कुठे वाट चुकलात?

सिस्टर : आत पेशंट घ्यायला दहा मिनिटं आहेत. अहो, वहिनींचा कागद कुठे अडलाय? ऑफिसातून मला दोनदा फोन. जसं काही मीच उशाशी घेऊन झोपलेय.

बायको : यांच्याकडे आहे. सहीच करतायत आता.

सिस्टर : करा हो लवकर! नशीब काढलंत हं दादा. काल त्या बाकावर एक बाई चार तास बसून होती, मुलीचं ऑपरेशन होतं. बाहेर आले तर मला म्हणते, सिस्टर, चार तास मी फक्त ते पोपटी गवत बघितलं, नाहीतर वेड लागलं असतं. आता बोला!

माळी : काय बोलू?

सिस्टर : कौतुक करा की जरा! आणि धीर बघा वहिनींचा. पहिल्या खेपेचं सगळं बी पाखरांनी खाल्लं, तरी या बाईनं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघे टेकून बसल्या.

माळी : पाखरांनी.

सिस्टर : मग काय तर! बरं, पळते मी. पाच म्हणजे पाच हं, दादा.

बायको : काय झालं? असे का बसलात?

माळी : पाखरं नव्हती ती.

बायको : माहीत आहे.

माळी : तू बहिणीकडे गेली होतीस, त्या रविवारी. मी मोठा पाइप ओढत आणला. मनाशी म्हटलं, पाणीच तर घालतोय, कोरडं पडायला नको. पूर्ण नळ सोडला. गोणपाट उडून पार पायरीला जाऊन अडकलं. तरी बंद नाही केला… माहीत आहे म्हणजे?

बायको : सोमवारी आले तर मातीत घळी पडलेल्या. पाखरं घळी पाडत नाहीत. आणि पाखरांनी खाल्लं असतं तर बी उरलं नसतं. सगळं पायरीपाशी साचलं होतं, गाळात. मी बसून जेवढं मिळालं तेवढं वेचलं.

माळी : आणि सिस्टरला पाखरं सांगितलीस?

बायको : मग काय सांगू? माझ्या नवऱ्याच्या पोटात दुखतंय, एखादी गोळी द्या?

माळी : घरी तरी भांडायचं होतंस.

बायको : दोन दिवस तुम्ही जेवताना ताटातून मान वर केली नाहीत. भाजीत मीठ नव्हतं, मी मुद्दाम नव्हतं घातलं. तेही निमूट खाल्लंत. म्हटलं, झालं, एवढं पुरे.

माळी : मुद्दाम?

बायको : मग! मी काय देवी आहे?

माळी : मला वाटलं, तुला कळलं नाही. हसायचो मनात. मग कोंब आले. दाट, एकसारखे. मी रोज सकाळी तुझ्या आधी येऊन बघायचो, कुठे विरळ आहे का, कुठे पिवळं पडलंय का. शोधायचो. सापडायचं नाही.

बायको : उजव्या कोपऱ्यात होतं की थोडं पिवळं.

माळी : नव्हतं. दोन दिवसांत भरलं तेही.

बायको : अहो, एक सांगू? आज सही नाही केलीत तरी मी रडणार-भेकणार नाही. उद्या येईन, झारी उचलेन, तुमच्या मागे चालेन. पण तो रविवार आणि आजचा दिवस माझ्या लेखी सारखाच होईल. आणि या खेपेला मी पाखरांचं नाव घेणार नाही.

माळी : धमकी देतेस?

बायको : सांगून ठेवतेय. नाहीतर सवयीनं माझ्याकडून पुन्हा खोटं बोललं जायचं.

माळी : मग माझंही ऐक. मला आनंद झालेला नाही. डॉक्टरांनी हेडमाळीसाठी तुझं नाव घेतलं तेव्हाही नाही, आजही नाही. उगाच तोंडदेखलं काही बोलायला सांगू नकोस.

बायको : नाही सांगत. तुमचा आनंद काही त्या कागदाला जोडायचा नाहीये.

माळी : तू तिकडे जाशील. इकडे माझ्याबरोबर कोण?

बायको : देतील कोणीतरी.

माळी : त्याला पहिल्यापासून शिकवा.

बायको : शिकवा. मला शिकवलंत तसं.

माळी : नको. फार शिकतात लोक… किती वाजले?

बायको : पावणेपाच.

माळी : पेन दे. हे नाही, हे गळतं. दुसरं. आणि वरून वाकून बघू नकोस, मला लिहिता येत नाही कोणी बघत असलं की.

बायको : नाही बघत.

माळी : शेरा म्हणजे किती लिहायचं?

बायको : एक ओळ.

माळी : 'अधिक'चा धी दीर्घ ना?

बायको : ऱ्हस्व… एवढा वेळ कसला लागतोय? ऑफिस बंद होईल हो.

माळी : घे. वाळू दे आधी.

बायको : 'सहा वर्षे माझ्या हाताखाली. माझ्यापेक्षा अधिक चांगले काम करते.' अहो! असं नाही लिहीत कागदावर.

माळी : मग काय लिहितात?

बायको : 'काम समाधानकारक' लिहितात.

माळी : राहू दे तसंच. पुन्हा लिहायला लावलंस, तर मी समाधानकारकच लिहीन.