मेंढीचा काढा

(शहरातल्या सात रस्ता चौकाजवळचा एक दवाखाना. आत तिघी.)

डॉ. अर्शी : मावशी, मी सुनेला विचारतेय. तिला बोलू द्या.

मायाक्का : ती काय बोलणार? पोटातलं पाडायचंय, एवढंच. गोळ्या लिवून द्या, आमी टेंभुर्णीची यष्टी धरतो.

डॉ. अर्शी : तपासल्याशिवाय मी गोळ्या देत नाही. सुकन्या, पोट धरून बसलीयस. कधीपासून दुखतंय?

सुकन्या : सकाळधरनं.

डॉ. अर्शी : एकाच बाजूला? रक्त जातंय?

सुकन्या : न्हाय. समद्या पोटात कळ येती. रगत न्हाय.

डॉ. अर्शी : काही घेतलंस? गोळी, काढा?

मायाक्का : कायबी न्हाय घेतलं.

डॉ. अर्शी : सुकन्या, वर बघ. त्यांच्याकडं नको, माझ्याकडं. मावशी, मी पोलीस नाही. लपवलंत तर हिच्या जिवावर बेतेल.

मायाक्का : दिला काढा. मेंढी व्याली नि वार अडकली की आमी एक मुळी उकळून पाजतो. तीच. जरा कमी घातली.

डॉ. अर्शी : या अल्ला! मेंढीचं औषध माणसाला?

मायाक्का : मग काय करू? माझा ल्योक बिरुदेव मेंढरं घिऊन लांब गेलाय, फोन लागंना. नवऱ्याच्या सहीबिगर दवाखान्यात हात लावत न्हाईत म्हणं. त्येची वाट बघत बसले असते तर हिचं पोट गावाला दिसलं असतं!

डॉ. अर्शी : कुणी सांगितलं हे? जाणत्या वयाच्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तिची स्वतःची पुरते. आधी सांगा, किती प्याली?

मायाक्का : वाटीभर.

सुकन्या : न्हाय प्याले.

मायाक्का : माझ्याम्होरं तोंडाला लावलीस की!

सुकन्या : लावली. तुमी वळलासा तवा चुलीतल्या राखंत वतली. गेल्या साली बांडी मेंढी त्याच काढ्यानं गेली, आत्या. तुमी म्हणलासा, तिची येळ भरली हुती. पाय झाडत हुती ती. मी बसले हुते तिच्यापाशी.

डॉ. अर्शी : खरं सांगतेस ना? घोटभरही नाही?

सुकन्या : बिरोबाची आण. भ्यानं दुखतंय, बाई. सकाळपासनं पोटात काय न्हाय.

डॉ. अर्शी : तरी सोनोग्राफी करू. मावशी, जरा बाहेर बसा.

मायाक्का : का? मी हिची वैरीण हाय व्हय? मागल्या बाळंतपणात रगत थांबंना, तवा मीच हिला उचलून जीपमदी घातली. पुन्यांदा तसं बघायचं न्हाय मला.

सुकन्या : ऱ्हाऊ द्या त्यास्नी, बाई. त्यांच्याम्होरंच सांगते. मलाच नगं हाय. धाकटं अजून अंगावर पितंय, उभी ऱ्हायले की अंधारी येती. आत्या म्हणल्या म्हणून न्हाय. त्यांच्याआदी मी ठरवलंय.

मायाक्का : मला बोलली न्हाईस त्ये.

सुकन्या : तुमी इचारलं न्हाई की.

डॉ. अर्शी : ऐक सुकन्या. गर्भ जागेवर आहे का, किती दिवसांचा आहे, ते बघते. रक्तही तपासते. त्यावरून गोळ्या द्यायच्या का पिशवी साफ करायची ते ठरेल. आमच्या दवाखान्याला त्याची परवानगी आहे. नंतर फार रक्त गेलं, ताप आला, तर घरी थांबायचं नाही. थेट इथं.

सुकन्या : लई दुखंल?

डॉ. अर्शी : दुखेल. त्यावर औषध देते.

सुकन्या : गावात कळंल?

डॉ. अर्शी : इथून नाही. आणि मधेच मन बदललं तर तेही सांगायचं. मावशी, आता मात्र बाहेर. तिच्याशी एकटीशी बोलायचा माझा नियम आहे.

मायाक्का : जाते. दाराम्होरंच बसते, कुणाला आत सोडत न्हाय. बाई, हिला आता खाल्लेलं चालतंय का?

डॉ. अर्शी : थोडं चालेल.

मायाक्का : सुकन्या, भाकरी आत्ता खातीस का तपासल्यावर?