फरशीवर हरिसा

आणि वर घरचे मलाच विचारतात, ‘फरशी आणण्याआधी हरिसा लावून बघितलीस का?’ आता तुम्हीच सांगा, सहा वर्षं मॉन्ट्रियलला घरांची अंतर्रचना शिकले, उजेड कुठून यावा, माणसानं कुठे उभं राहावं, सगळं शिकले, पण फरशीला मिरची-लसणाची तेलकट चटणी फासून तीन दिवस उन्हात ठेवायची असते, हे एकाही प्राध्यापकानं सांगितलं नाही हो!

तुम्हाला सांगते, चूक माझीच. माझ्या गावी, नाबुलला, परत आले आणि आईचं स्वयंपाकघर बघून माझं रक्त उसळलं. तीस वर्षं! ही माझी आई, मन्नूबिया, तीस वर्षं त्या बोळकांडीत भिंतीकडे तोंड करून उभी! ओट्याची उंची बाबांनी ठरवली, भिंतीचा रंग आजोबांनी दिला, तोही दुकान रंगवून उरला होता म्हणून! आणि बाईला कुणी एकदा तरी विचारावं की नाही, तुला काय आवडतं गं? मी विचारलं. नुसतं विचारलं नाही, भाषणच केलं. ‘आई, माझ्या पहिल्या पगारातून तुला नवं स्वयंपाकघर, रमजानच्या आत, आणि त्यातली वस्तू न् वस्तू तुझ्या आवडीची! तुझी पसंती, तुझा हक्क!’

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मला काय, मला काहीही चालतं.’

हे वाक्य लक्षात ठेवा हं... माझा घात ह्याच वाक्यानं केलाय.

पहिल्यांदा मी नमुन्याला एक फरशी आणली, पिवळी, मधासारखी पिवळी, आमच्याच गावच्या भट्टीतली, हातानं रंगवलेली. म्हटलं, आपली माती, आपले कारागीर, परदेशी फरशी ह्या घरात पाऊल ठेवणार नाही! आई म्हणाली, ‘अगं, किती सुंदर!’ आणि चमचाभर हरिसा घेऊन मधोमध थापली की हो! तिसऱ्या दिवशी पुसली. हातची झिलई ती, तिला केसाएवढ्या चिरा, चिरांत तेल शिरलेलं... मधोमध लालभडक चंद्र! ‘मला काय, मला काहीही चालतं,’ आई म्हणाली, ‘पण पाहुण्यांना वाटेल आम्ही पुसत नाही.’ आणि ती फरशी गेली चहाच्या किटलीखाली, बूड टेकवायला.

मग निळी. तर नेमकी सालहा मावशी टपकली, आईची धाकटी बहीण, तिला कुणी विचारलं नव्हतं. ‘निळी? अगं ऊल्फा, हे घर आहे की कॅफे? उद्या पर्यटक येऊन बसतील, कॉफी आणा म्हणतील!’ हिरवी? आई म्हणाली, ‘हिरवी चांगली, पण जेवताना दर्ग्यात बसल्यासारखं वाटतं.’ लाकडी कपाटं? कुसकुसचा रवा वाफवताना वाफेनं फुगतील. ॲल्युमिनियमची? ‘दवाखाना!’ ओटा काळ्या दगडाचा? ‘पीठ सांडलं की दिसेल.’ मग पांढरा? ‘पीठ सांडलं तर दिसणार नाही!’ आणि प्रत्येक वेळी शेवटी काय? मला काय, मला काहीही चालतं!

तिकडे तिजानी मिस्त्री रोज सकाळी दारात. ‘ताई, रमजान तोंडावर आलाय, अख्खं गाव भिंती रंगवतंय, माझ्या गळ्यात सात घरं आहेत, तुम्ही एक रंग बोला हो, कुठलाही बोला!’ मी त्यांनाही ऐकवलं, आपली माती, आपल्या भट्ट्या, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘अगदी खरं आहे ताई. माझा बाप भट्टीवरच होता.’ मी म्हटलं, ‘बघा! मग तुमच्या स्वयंपाकघरात कुठली फरशी आहे?’ म्हणाले, ‘स्पेनची.’

शेवटी मी हरले. राखाडी-पांढरी, स्पेनची. हरिसा तीन दिवस ठेवली, काही नाही. तिच्यावर डाग पडत नाही, कारण तिला चेहराच नाही! रमजानच्या आदल्या संध्याकाळी काम संपलं. आईनं शेजारणींना बोलावून फिरवलं, ‘हा बघा, आपोआप बंद होणारा खण.’ खण बंद झाला. शेजारणी म्हणाल्या, ‘माशाल्ला!’ खण पुन्हा उघडला... चौदा वेळा!

पहिला रोजा. मी दुपारी मुद्दाम आत डोकावले. माझी आई, तीस वर्षांनी, उजेडात उभी राहून... कुठे? कुणी नाही! शेगडीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही! आणि रोजा सोडायला लागणारी ब्रिक, पातळ पोळीत अंडं भरून केलेली घडी, ती तळल्याचा वास मात्र घरभर. वासामागे गेले, तर बाई परसात, लिंबाच्या झाडाखाली, बुटक्या स्टुलावर, जुनी शेगडी पेटवून बसलेली!

‘आई! आत ओटा आहे!’

‘अगं, इतका सुंदर केलास, त्यावर तेल कोण उडवणार?’

‘मग तो केला कशाला?’

‘म्हणजे?’ आई माझ्याकडे बघतच राहिली. ‘तुझी हौस होती ना? शिकून आलीस, म्हटलं पोरीचं मन कशाला मोडा. मला काय, मला काहीही चालतं.’

‘काहीही चालतं ना? मग चल आत!’

‘नाही,’ आई म्हणाली. ‘मला इथेच आवडतं. इथून फाटक दिसतं, कोण आलं कोण गेलं कळतं. भिंतीकडे तोंड करून खूप वर्षं उभी राहिले.’

ऐकलंत? आवडतं म्हणाली! तेवढ्यात तिनं किटली उचलली, खालची पिवळी फरशी काढली, लाल चंद्रासकट, आणि शेगडीमागच्या भिंतीला लावून धरली. ‘इथे तेल उडतं. इथे फरशी लावून दे. अशीच पिवळी. ही मला पहिल्या दिवसापासून आवडली होती. फक्त... डाग न पडणारी बघ.’

उपाशीपोटी, भर उन्हात, भट्टीवर धावत गेले. सहा पिवळ्या घेऊन आले. भिंतीला ओळीनं उभ्या केल्या. आणि मीच मुकाट्यानं आत जाऊन हरिसाची बरणी आणली.